थोर बुद्धिबळपटू कोणाला म्हणावे?



१२ डिसेंबर २०२४ या दिवशी सिंगापूरमध्ये आपल्या दोम्माराजू गुकेशने चीनच्या डिंग लिरेनचा पराभव केला आणि वयाच्या अठराव्या वर्षी तो बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. दुसऱ्या दिवशी अकरावीच्या वर्गावर माझा पदार्थविज्ञानाचा तास होता. मुलांचे मन अर्थातच तासात नव्हते. तेव्हा मी फळ्यावर सूत्राऐवजी एक प्रश्न लिहिला : ‘आजवरच्या बुद्धिबळपटूंपैकी सर्वांत थोर कोण, आणि का?’ प्रत्येकाने उत्तर चिठ्ठीवर लिहून द्यायचे. मात्र ‘का’ याचे उत्तर नसेल तर चिठ्ठी घेतली जाणार नाही, अशी अट घातली.

संध्याकाळी घरी चिठ्ठ्या वाचीत बसलो. गुकेश आणि विश्वनाथन आनंद ही नावे सर्वांत अधिक होती, हे सांगायला नकोच. त्याखालोखाल नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन, रशियाचा गॅरी कास्पारोव्ह आणि अमेरिकेचा बॉबी फिशर. काहींनी मिखाईल तालचे नाव लिहिले होते. दोन-तीन मुलींनी हंगेरीच्या जुडिट पोल्गारचे. (हाच प्रश्न आज विचारला, तर जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखचे नाव नक्की येईल.) एका चिठ्ठीवर ‘माझे आजोबा’ असे होते, आणि कारण होते, ‘ते मला मुद्दाम जिंकू देत नाहीत.’ ही चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे.

गंमत अशी की, नावे बाजूला ठेवून मी नुसती कारणे पाहू लागलो, तेव्हा सगळ्या चिठ्ठ्यांचे सहज तीन ढीग झाले. पहिला ढीग ‘तो सर्वांत जास्त जिंकला’ म्हणणाऱ्यांचा. दुसरा ‘त्याचा खेळ धाडसी आणि सुंदर आहे’ म्हणणाऱ्यांचा. तिसरा, आणि हाच सर्वांत मोठा, ‘त्याला जन्मजात बुद्धी होती’ म्हणणाऱ्यांचा. तिन्हींत न बसणाऱ्या दोनच चिठ्ठ्या उरल्या. त्यांच्याविषयी शेवटी सांगतो. आधी हे तीन ढीग तपासू या. आपण कोणाला थोर म्हणतो यावरून आपण स्वतः कोणासारखे व्हायला धडपडणार हे ठरते. म्हणून हा प्रश्न केवळ बुद्धिबळाचा नाही.

विजयांची बेरीज

‘जो जास्त जिंकला तो थोर’ हे कारण सरळ वाटते. शिवाय ते मोजता येते, त्यामुळे आम्हा विज्ञानवाल्यांना ते विशेष आवडते. बुद्धिबळपटूचे बळ आकड्यात मांडण्याची जी पद्धत आज जगभर वापरतात, ती तयार करणारा आर्पाद एलो हा तर आमच्याच व्यवसायातला. हंगेरीत जन्मलेला हा गृहस्थ अमेरिकेतील मिलवॉकी येथे पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होता आणि स्वतः चांगला खेळाडूही होता. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याची पद्धत १९७० मध्ये स्वीकारली.

ही पद्धत काय सांगते ते पाहा. विजयाला १ गुण, बरोबरीला अर्धा. दोन खेळाडूंच्या मानांकनात २०० गुणांचा फरक असेल, तर वरच्या खेळाडूला १०० डावांतून सुमारे ७६ गुण मिळावेत, अशी अपेक्षा असते. फरक शून्य असेल तर ५०. निकाल अपेक्षेपेक्षा चांगला आला की मानांकन वाढते, वाईट आला की घटते. फिशर १९७२ मध्ये २७८५ पर्यंत पोहोचला, कास्पारोव्ह १९९९ मध्ये २८५१ पर्यंत, आणि कार्लसन २०१४ मध्ये २८८२ पर्यंत.

मग २८८२ हा आकडा २७८५ पेक्षा मोठा, म्हणून प्रश्न सुटला का? नाही. डोंगराची उंची आपण समुद्रसपाटीपासून मोजतो. समुद्रसपाटीच खालीवर झाली, तर दोन काळांतील उंच्यांची तुलना कशी करायची? एलोच्या पद्धतीत अर्थ आहे तो फरकाला, आणि तोही एकमेकांशी खेळणाऱ्या समकालीन खेळाडूंमधील फरकाला. स्वतः एलोला आपल्या मापाच्या मर्यादा पुरेपूर माहीत होत्या. खवळलेल्या पाण्यावर बूच हेलकावत आहे, आणि वाऱ्याने झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या मोजपट्टीने आपण त्याची जागा मोजतो आहोत, अशा अर्थाची उपमा त्याने दिली होती. मोजमाप कसे करावे याबरोबरच त्यावर किती विसंबावे हेही सांगणारा, असा हा माणूस होता.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. मे १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने त्या वेळचा जगज्जेता कास्पारोव्ह याला सहा डावांच्या सामन्यात हरवले. आज तुमच्या घरातील फोनमध्ये मावणारी आज्ञावली जगातील कोणाही माणसाला हरवू शकते. विजय हेच थोरपणाचे कारण असते, तर त्या फोनला आपण हार घातला असता. आपण तसे करीत नाही. बंदरातली यारी कोणत्याही पैलवानापेक्षा जड ओझे उचलते, पण आपण टाळ्या पैलवानाला देतो. याचा अर्थ, आपल्याला कौतुक वाटते ते निकालाचे नव्हे. त्या निकालामागे एका माणसाला काहीतरी ओलांडावे लागले, याचे.

धाडस आणि सौंदर्य

दुसऱ्या ढिगातील मुलांशी माझे मन अधिक जुळते. १८५८ साली पॅरिसमध्ये, संगीतिका चालू असताना नाट्यगृहातल्या सज्जात बसून, पॉल मॉर्फी या अमेरिकन तरुणाने दोन सरदारांच्या जोडीविरुद्ध एक डाव खेळला. त्यात त्याने वजिराचा बळी दिला आणि उरलेल्या एका उंटाने व एका हत्तीने सतराव्या चालीला मात केली. तो डाव पटावर मांडून पाहा. दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी त्यातला आनंद कमी झालेला नाही.

तालचे तर काय सांगावे! १९६० साली तेविसाव्या वर्षी त्याने मिखाईल बॉट्विनिकला हरवून जगज्जेतेपद मिळवले. त्या सामन्याच्या सहाव्या डावात त्याने एक घोडा असा काही बळी दिला की, प्रेक्षागृहात गलबला झाला आणि डाव आतल्या खोलीत हलवावा लागला. पुढे शांतपणे केलेल्या विश्लेषणात त्या बळीला उत्तर होते असे दिसले. पण घड्याळ चालू असताना, हजार डोळे रोखलेले असताना, ते उत्तर बॉट्विनिकला सापडले नाही.

ताल मलाही फार आवडतो. मूत्रपिंडाचा विकार जन्मभर सोशीत हा माणूस हसतमुखाने खेळत राहिला. पण सौंदर्य आणि धाडस हे थोरपणाचे पुरेसे कारण मानले, तर एक धोका आहे. तुम्ही तालचा बळी पाहता. त्यामागची आकडेमोड तुम्हाला दिसत नाही. मग आंतरशालेय स्पर्धेत आठव्या चालीला घोडा फेकून देणारी मुले मी पाहतो, आणि ‘का रे?’ म्हणून विचारले की उत्तर येते, ‘सर, ताल असाच खेळायचा.’ तालने उडी मारली ती खोली अजमावून. बाकीचे नुसतीच उडी मारतात. दिसते त्याचे अनुकरण सोपे असते. न दिसणाऱ्या तयारीचे कठीण.

जन्मजात बुद्धी

आता तिसरा ढीग. क्यूबाचा कापाब्लांका वडिलांचा खेळ पाहत पाहत चौथ्या वर्षी बुद्धिबळ शिकला आणि १९१६ ते १९२४ अशी आठ वर्षे स्पर्धेतला एकही डाव हरला नाही. गुकेश साडेबाराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. ‘हे देवाचे देणे, आपले काम नव्हे,’ असे म्हणून आपण हात जोडतो आणि मोकळे होतो. ‘मोकळे होतो’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. ज्याचे श्रेय सर्वस्वी जन्माला दिले, त्याच्यापासून शिकण्याची जबाबदारी आपल्यावर उरत नाही.

याबाबत विज्ञान काय म्हणते? नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ आड्रियान द ग्रूट स्वतः आपल्या देशाकडून ऑलिंपियाडमध्ये खेळलेला होता. थोर खेळाडूंच्या डोक्यात नेमके काय चालते, हे त्याने प्रयोगाने पाहिले आणि १९४६ मध्ये प्रबंधरूपाने मांडले. त्याची अपेक्षा होती की, वरच्या दर्जाचा खेळाडू इतरांपेक्षा कितीतरी चाली पुढचे पाहत असेल. तसे फारसे आढळले नाही. मोठा फरक आढळला तो निराळाच. खऱ्या डावातली एखादी स्थिती काही सेकंद दाखवून झाकून टाकली, तर ग्रँडमास्टर ती जवळजवळ जशीच्या तशी मांडून दाखवीत असे. साधा खेळाडू गोंधळून जात असे.

‘पाहा, स्मरणशक्तीच अफाट!’ असे तुम्ही म्हणाल. थांबा. १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी हा प्रयोग एक पाऊल पुढे नेला. खऱ्या डावातील सुमारे २५ मोहऱ्यांची स्थिती पाच सेकंद दाखवल्यावर मास्टर दर्जाचा खेळाडू सुमारे १६ मोहरी बरोबर मांडी, नवशिका सुमारे ४. नंतर त्यांनी तीच मोहरी पटावर कशीही विस्कटून ठेवली, म्हणजे खऱ्या डावात कधी येणार नाही अशी स्थिती केली. आता मास्टर आणि नवशिका जवळजवळ एका पायरीवर आले! स्मरणशक्ती अफाट असती, तर विस्कटलेल्या पटावरही ती दिसली असती.

याचा अर्थ असा की, मास्टरला पंचवीस सुटी मोहरी दिसतच नाहीत. किल्लेकोट केलेला राजा आणि त्याच्यापुढची तीन प्यादी हे त्याला एकच चित्र दिसते. जसे ‘आगगाडी’ हा शब्द वाचताना तुम्ही अक्षरे मोजीत नाही. अशी हजारो चित्रे त्याने हजारो डावांतून साठवलेली असतात. जन्मतः सगळे सारखेच असतात असे मी म्हणत नाही. काहींना ही चित्रे लवकर साठवता येतात, काहींना उशिरा. पण चित्रे कोणीही जन्मताना बरोबर आणीत नाही.

येथे माझ्या मनात पुढचा प्रश्न येतो. हजारो डाव तर गावोगावचे हौशी खेळाडूही खेळतात. पारावर चाळीस वर्षे खेळूनही जेथल्या तेथेच राहिलेली मंडळी तुम्ही-आम्ही पाहिली आहेत. मग तितकेच डाव खेळून एकजण पुढे जातो आणि दुसरा जात नाही, याचे कारण काय? माझ्या मते त्याचे उत्तर आहे चौथ्या, जवळजवळ रिकाम्या राहिलेल्या ढिगात.

हरलेल्या डावाचे काय केले?

ज्याचे नाव माझ्या वर्गातील एकानेही लिहिले नव्हते, त्याच्याविषयी आता सांगतो. तालकडून हरलेला तो बॉट्विनिक. १९४८ साली तो जगज्जेता झाला. पेशाने विद्युत अभियंता, त्या विषयातील डॉक्टरेट मिळवलेला. त्याचा खेळ तालसारखा डोळे दिपवणारा नव्हता. १९५७ साली स्मिस्लोव्हने त्याला हरवले. १९५८ साली त्याने पद परत मिळवले. १९६० साली तालने हरवले. तेव्हा बॉट्विनिक संपला असेच जगाने धरले. १९६१ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याने चोवीस वर्षांच्या तालला १३ विरुद्ध ८ गुणांनी हरवून जगज्जेतेपद पुन्हा परत मिळवले!

हे कसे घडले? त्याने हरलेला प्रत्येक डाव पुन्हा मांडला आणि ‘मी कोठे चुकलो’ एवढ्यावर न थांबता ‘मी कोणत्या प्रकारच्या स्थितीत चुकतो’ हे शोधून काढले. खुल्या, गुंतागुंतीच्या स्थितीत ताल त्याला भारी पडत होता. म्हणून परतीच्या सामन्यात त्याने डाव पुन्हा पुन्हा बंदिस्त किंवा साध्या स्थितींकडे वळवले. त्याची पद्धत किती काटेकोर होती याची एक गोष्ट सांगतात. सिगारेटच्या धुराचा त्याला त्रास होई. म्हणून सरावाच्या डावात तो समोरच्याला मुद्दाम आपल्याकडे धूर सोडायला सांगे. प्रयोगातील त्रुटीचे कारण सापडले की तिचाच अभ्यास करायचा, ही अभियंत्याची वृत्ती.

पण मला त्याची सर्वांत आवडणारी गोष्ट निराळी. आपल्या डावांचे विश्लेषण छापून प्रसिद्ध करावे, असा त्याचा आग्रह असे. घरी बसून केलेल्या विश्लेषणात आपण नकळत आपलीच बाजू घेतो. छापून आले की जगातला कोणीही वाचक चूक काढू शकतो, आणि त्या भीतीनेच माणूस अधिक प्रामाणिक होतो, असा त्याचा विचार होता. मित्रांनो, विज्ञानातील शोधनिबंध याहून वेगळ्या कोणत्या कारणासाठी छापतात?

या वृत्तीचे फळ कसे असते ते पाहा. १९६२ साली बल्गेरियातील वार्ना येथील ऑलिंपियाडमध्ये बॉट्विनिकची गाठ एकोणीस वर्षांच्या फिशरशी पडली. डाव तहकूब झाला तेव्हा फिशरची बाजू वरचढ होती. पण बॉट्विनिकने सहकाऱ्यांसह रात्र जागून बचाव शोधला आणि बरोबरी साधली. काही वर्षांनी फिशरने आपल्या पुस्तकात दाखवले की, आपण डाव जिंकायला हवा होता. बॉट्विनिकने त्यावर उत्तर छापले. पुढे हीच स्थिती त्याने आपल्या शाळेतल्या मुलांना घरचा अभ्यास म्हणून दिली, आणि बरोबरीचा एक नवा मार्ग जेमतेम तेरा वर्षांच्या एका मुलाने शोधून काढला. त्या मुलाचे नाव गॅरी कास्पारोव्ह. दोन जगज्जेत्यांचा वाद एका शाळकरी मुलाच्या हाती दिला गेला, कारण वाद ‘मोठा कोण’ हा नव्हता, ‘खरे काय’ हा होता.

फिशरचे ते पुस्तकही पाहण्यासारखे आहे. आपले साठ संस्मरणीय डाव त्याने त्यात निवडले आहेत. एवढा अहंकारी म्हणून गाजलेला हा माणूस. तुम्हाला वाटेल, साठच्या साठ विजय असतील. पण त्यात नऊ बरोबऱ्या आहेत, आणि तीन पराभव आहेत.

बॉट्विनिकचा विद्यार्थी कास्पारोव्ह याला हे शिक्षण पुढे उपयोगी पडले. १९८४ साली सुरू झालेल्या सामन्यात जो आधी सहा डाव जिंकेल तो जगज्जेता, असा नियम होता. सत्तावीस डावांनंतर कार्पोव्ह ५-० असा पुढे होता. आणखी एक पराभव, की सगळे संपले. पण कास्पारोव्ह प्रत्येक डावातून शिकत, बरोबरी करीत टिकून राहिला. अठ्ठेचाळीस डावांनंतर, फेब्रुवारी १९८५ मध्ये, सामना अनिर्णित थांबवण्यात आला, तेव्हा आकडे ५-३ असे होते. त्याच वर्षी झालेला नवा सामना त्याने जिंकला.

आणि आपला गुकेश? एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोला झालेल्या आव्हानवीरांच्या स्पर्धेत सातव्या फेरीत तो फिरुझाकडून हरला. पुढे स्पर्धा जिंकल्यावर त्याने सांगितले की, ही स्पर्धा आपली होऊ शकते असे प्रथम वाटले ते त्याच पराभवानंतर. सिंगापूरच्या सामन्यातला पहिलाच डाव तो हरला होता. शेवटच्या डावात डिंगच्या हातून चूक झाली, गुकेश जगज्जेता झाला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आणि त्या अवस्थेत त्याने काय केले? पटावरची मोहरी एकेक करून पुन्हा मूळ जागी मांडून ठेवली.

आता त्या दोन चिठ्ठ्यांविषयी. एकीवर आनंदचे नाव होते, दुसरीवर कास्पारोव्हचे. कारण दोन्हींवर जवळजवळ एकच : ‘हरल्यावर तो जास्त चांगला झाला.’ १९९५ साली न्यूयॉर्कमध्ये कास्पारोव्हकडून हरलेला आनंद २००० साली जगज्जेता झाला आणि पुढे एकूण पाच वेळा. माझे मत या दोन चिठ्ठ्यांच्या बाजूने आहे.

एक प्रयोगवही

पदार्थविज्ञानाच्या माणसाने यात एवढे का गुंतावे, असे तुम्हाला वाटेल. त्याचे कारण माझ्या एका चुकीत आहे.

बारा-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रयोगशाळेत साध्या लंबकाचा प्रयोग चालू होता. लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग यांचा आलेख सरळ रेषेत येतो आणि ती रेषा शून्यातून जाते, हे पुस्तकात असते. सगळ्यांच्या प्रयोगवह्यांत ती शून्यातून गेली होती. फक्त एका मुलीची रेषा लांबीच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे सुमारे २ सेंटिमीटरवर छेदत होती. मी लाल शाईने ‘चूक. पुन्हा करा’ असे लिहून गुण कापले. दुसऱ्या दिवशी तिने नवे पान आणले. रेषा सुबकपणे शून्यातून गेलेली. मी पूर्ण गुण दिले.

पुढच्या वर्षी परीक्षेची मांडणी करताना तोच गोळा हातात आला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलांनी लांबी मोजली होती फक्त हुकापर्यंत. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. ते सांगायला मीच विसरलो होतो. हुकापासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजले. २ सेंटिमीटर! म्हणजे वर्गात खरा प्रयोग एकटीनेच केला होता. तिच्या आलेखाने माझी चूक अचूक मापासह दाखवली होती, आणि मी तिला ती खोडायला लावली. तिची वही जुन्या गठ्ठ्यात सापडली. पहिले पान फाडलेले होते. तोवर ती उत्तीर्ण होऊन निघून गेली होती.

स्पर्धेत दीर्घ वेळेचा डाव खेळताना प्रत्येक खेळाडूला दोन्ही बाजूंची प्रत्येक चाल कागदावर लिहावी लागते. डाव संपला की दोघेही त्यावर सही करतात, हरणारासुद्धा. तेथे पान फाडता येत नाही. मॉर्फीचा डाव आज तुम्ही पाहू शकता, बॉट्विनिकला स्वतःच्या चुका शोधता आल्या, तेरा वर्षांच्या मुलाला फिशरचे विश्लेषण तपासता आले. हे सगळे त्या कागदामुळे. त्या दिवसापासून माझ्या प्रयोगशाळेत पान फाडायला बंदी आहे. चुकलेल्या निरीक्षणावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण लिहायचे. कारण शोधणाऱ्याला गुण अधिक. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, त्यांनीही हे करून पाहावे.

काही शंका

‘सर, मग बॉट्विनिक सर्वगुणसंपन्न होता का?’ नव्हता. हरलेल्या जगज्जेत्याला परतीचा सामना मागण्याचा हक्क तेव्हाच्या नियमांनी दिला होता आणि त्याचा त्याला दोनदा लाभ झाला. पुढे तो नियम रद्द झाल्यावर १९६३ साली पेट्रोस्यानकडून हरून तो बाजूला झाला. फिशरने १९७५ साली न खेळताच जगज्जेतेपद सोडले, आणि नंतरच्या आयुष्यात ज्यू लोकांविषयी अत्यंत द्वेषाचे बोलला. त्याच्या डावांचे कौतुक करताना या बोलण्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. आपण एखाद्याला थोर म्हणतो, तेव्हा त्याच्यातले नेमके काय घेतो हे स्पष्ट असावे, एवढेच.

‘आता चूक तर फोनच दाखवतो, मग एवढा खटाटोप कशाला?’ हीदेखील रास्त शंका आहे. फोन सांगतो की, तेविसावी चाल चुकली. पण ती चाल तुम्हाला बरोबर का वाटली होती, हे त्याला ठाऊक नाही. ते फक्त तुम्हालाच शोधता येते, आणि सुधारणा तेथूनच सुरू होते. उत्तर आधी पाहून गणित सोडवणाऱ्याची जी गत होते, तीच येथे होते.

म्हणून एक करून पाहा. तुम्ही हरलेला शेवटचा डाव आठवून लिहून काढा. फोन बाजूला ठेवून आपली एकच चूक शोधा आणि तिच्याखाली एक वाक्य लिहा : ‘त्या वेळी मला काय वाटले होते?’ असे दहा डाव झाले की ती दहा वाक्ये एकाखाली एक वाचा. एकच प्रकारची चूक पुन्हा पुन्हा दिसेल. फोनवर पडताळा घ्यायचा तो त्यानंतर.

माझे मत तुम्हाला पटलेच पाहिजे असे नाही. तुमची चिठ्ठी तुमचीच. तालला निवडा, कार्लसनला निवडा, दिव्याला निवडा, नाहीतर तुमच्या आजोबांना. फक्त ‘तो किती वेळा जिंकला?’ या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारा : ‘हरल्यावर त्याने काय केले?’ आणि वार्षिक परीक्षेची उत्तरपत्रिका हाती येईल, तेव्हा हाच प्रश्न स्वतःलाही विचारायला विसरू नका.